नाशिकच्या शिराजचा हंगाम ऑक्टोबरात ठरतो

सेवाग्राम एक्सप्रेस नाशिकरोड आणि वर्धा या दोन स्थानकांना एका रात्रीच्या प्रवासाने जोडते. द्राक्षाच्या बाबतीत मात्र हे दोन जिल्हे अगदी दोन टोकांना आहेत. एक जिल्हा देशाच्या वाईन उद्योगाची राजधानी समजला जातो. दुसऱ्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हाही बंदी असलेले जिल्हे त्यातून वगळले गेले आणि वर्ध्याचं नाव त्यात होतं. 1936 साली गांधीजींनी ज्या जिल्ह्यातल्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, मुक्काम हलवला, त्या जिल्ह्यात ही बंदी केवळ अबकारी खात्याचा नियम नाही. ती तिथल्या सार्वजनिक जीवनाचा भाग आहे. विरोधामुळे तो मंत्रिमंडळाचा निर्णय पुढे रखडला, ही गोष्ट वेगळी.

पण शिराज या वाईनच्या द्राक्षाची नाशिकमधली गेल्या पंचवीस वर्षांची कहाणी मुळात शेतीची कहाणी आहे, आणि ती वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा किंवा आष्टीच्या संत्रा बागायतदाराला जितक्या लवकर कळेल तितक्या लवकर कदाचित मुंबईच्या वाईनप्रेमीलाही कळणार नाही. संत्र्याला आंबिया बहार धरायचा की मृग, हे बागायतदार ठरवतो. त्यासाठी तो पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि फुलोरा कोणत्या हवामानात यायचा, हे काही अंशी स्वतःच्या हातात घेतो. नाशिकचा द्राक्षबागायतदार हेच काम कात्रीने करतो.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचा घड उतरतो. फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातल्या शेतकऱ्याला यात फारसा पर्याय नसतो. नाशिकमध्ये थंडी वेलीला झोपवण्याइतकी कडक नाही, त्यामुळे तिच्या वर्षाला शिस्त लावतात त्या दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यातून पुढच्या पिकाची काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांत घडाची बीजं बसतात. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी होते. मजूर काडी ठरावीक डोळ्यांवर आखूड करतात आणि मागोमाग राखलेल्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावत जातात, म्हणजे सगळी फूट एकसारखी निघते. त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. पोंगा, फुलोरा, मणी धरणं, मण्यात पाणी उतरणं, रंग भरणं आणि शेवटी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. म्हणून बाटलीवर 2010 लिहिलेलं असलं, तरी त्या वाईनचं निम्मं नशीब 2009 च्या दिवाळीच्या आगेमागेच लिहून झालेलं असतं. छाटणी लवकर केली तर परतीच्या पावसात फुलोरा सापडतो. उशीर केला तर घड मार्चच्या उन्हात पिकतो. शिराजच्या वर्षा-वर्षांतला फरक समजून घ्यायचा, तर सुरुवात इथून करावी लागते.

शिराज ही मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली जात. तिथे तिला सिरा म्हणतात. इराणमधल्या शिराज शहरातून ती आली, ही कथा बरीच वर्षं चालली, पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीने तिचे आईबाप आग्नेय फ्रान्समधल्या दोन जुन्या जाती ठरवले : द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश. जेम्स बस्बी यांनी युरोपातून जमवलेल्या काड्या 1832 साली ऑस्ट्रेलियात पोचल्या आणि तिथल्या उन्हात या जातीला नवं रूप मिळालं. गडद रंग, भरदार अंग, जांभूळ-करवंदाच्या जातकुळीचा फळाचा स्वाद आणि मागे रेंगाळणारी काळ्या मिरीची चव. ही मिरी नुसती कविकल्पना नाही. रोटंडोन नावाचं जे संयुग मिरीत असतं तेच शिराजच्या सालीतही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. दर पाचांतल्या साधारण एका माणसाला त्याचा वासच येत नाही, त्यामुळे एकाच पेल्यावरून दोघांचं एकमत होत नाही, यात नवल नाही. हे संयुग थंड जागी आणि थंड हंगामात जास्त साठतं. उन्हाचा तडाखा बसला की मिरी मागे पडते आणि मुरंब्यासारखा शिजलेला गोडवा पुढे येतो.

महाराष्ट्रात आधुनिक वाईनची पायवाट पाडली ती नारायणगावच्या इंडाजने. शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाईन तयार केली आणि ती परदेशात विकून दाखवली. नाशिकचा अध्याय त्यानंतरचा. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतलेले राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या कौटुंबिक जमिनीवर आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षं असे प्रयोग केले आणि मग सोनोमातले वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. आई सुलभा यांच्या नावावरून वाईनरीचं नाव सुला ठेवलं गेलं. तिच्या पहिल्या बाटल्या 2000 साली बाजारात आल्या. सुरुवातीचा भर पांढऱ्या वाईनवर होता. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क उभे केले, आणि पाहता पाहता निफाड, दिंडोरी, इगतपुरी तालुक्यांत टाक्या उभ्या राहू लागल्या.

लाल वाईनकडे गांभीर्याने पाहायला लावणारी पहिली मोठी बाटली म्हणजे 2005 च्या सुमारास आलेली सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराज. बागेच्या तालुक्याचं नाव लेबलवर, आणि वाईन ओकच्या पिंपात मुरवलेली. त्याच काळात कर्नाटकातल्या नंदी हिल्सवरून ग्रोव्हरची ला रिझर्व्ह गाजत होती. ती काबर्ने सोव्हिन्यों आणि शिराजचं मिश्रण, मिशेल रोलां या बोर्दोच्या नामांकित सल्लागाराच्या देखरेखीखाली घडलेलं. 2005 मध्ये लंडनच्या डिकँटर मासिकाने तिची वाखाणणी केली आणि भारतीय लाल वाईनकडे पाहण्याची नजर बदलली. दोन्ही बाटल्यांत समान धागा होता ओकचा. 'रिझर्व्ह' म्हणजे पिंपात मुरलेली, आणि पिंपात मुरलेली म्हणजे उच्च प्रतीची, असं समीकरण त्या दशकात ग्राहकाच्या डोक्यात पक्कं बसलं.

हे समीकरण तपासून पाहायला हवं, कारण ओक-ओकमध्येही जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अमेरिकन पांढऱ्या ओकच्या लाकडात रसवाहिन्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे ते करवतीने कापलं तरी पिंप गळत नाही. फ्रेंच ओक धाग्याच्या दिशेने फाडावाच लागतो. त्यात लाकूड बरंच वाया जातं आणि किंमत चढते. नव्या फ्रेंच पिंपाची किंमत भारतात येईपर्यंत लाखाच्या घरात जाते, आणि त्यात मावते साधारण 225 लिटर वाईन. तीन-चार हंगामांत लाकडाचा स्वाद बहुतेक उतरून जातो. मग ते पिंप फक्त वाईनला सावकाश हवा देण्याचं काम करतं. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन जास्त, म्हणून खोबरं आणि व्हॅनिला ठळक. फ्रेंच ओकमध्ये टॅनिन जास्त, पण सुवास दबका : लवंग, दालचिनी, देवदाराचा भास. पिंप तयार करताना ते आतून विस्तवावर भाजतात. हलकं भाजलं तर लाकूडच लाकूड लागतं, मध्यम भाजलं तर व्हॅनिला आणि बदाम, कडक भाजलं तर धूर आणि कॉफी.

एकाच बागेतली शिराज पोलादी टाकीत, अमेरिकन पिंपात आणि फ्रेंच पिंपात अशी वाटून ठेवली आणि वर्षाने शेजारी शेजारी चाखली, तर फरक नवख्यालाही कळतो. टाकीतली वाईन फळाची आणि टवटवीत, थोडी उर्मट. अमेरिकन पिंपातली जिभेवर गोडसर लागते, साखर नसतानाही. फ्रेंच पिंपातली आधी आक्रसलेली वाटते आणि पेल्यात वीस मिनिटं राहिली की उलगडते.

ओकच्या अशा वेगवेगळ्या वापराचा जगातला सर्वांत स्पष्ट धडा ऑस्ट्रेलियातल्या पेनफोल्ड्स या एकाच घराण्यात मिळतो. तिथले वाईनकर्ते मॅक्स शुबर्ट यांनी 1951 मध्ये ग्रेंज या वाईनचा पहिला प्रयोग केला, शिराज आणि नवा अमेरिकन ओक घेऊन. तेव्हाच्या जाणकारांना ती रुचली नाही आणि 1957 मध्ये व्यवस्थापनाने उत्पादन थांबवायला सांगितलं. शुबर्ट यांनी पुढचे हंगाम गुपचूप केले. 1960 मध्ये बंदी उठली, आणि आज ती ऑस्ट्रेलियाची सर्वांत प्रसिद्ध वाईन आहे. त्याच घराण्याने 1997 च्या हंगामापासून आरडब्ल्यूटी ही शिराज काढली, पूर्ण फ्रेंच ओकमधली. आणि तिथलीच सेंट हेन्री मुरते ती नव्या ओकला स्पर्शही न करता, हजार लिटरहून मोठ्या जुन्या पिंपांत. तिन्ही उत्तम मानल्या जातात. म्हणजे ओक हा दर्जाचा पुरावा नाही. ती कर्त्याची निवड आहे.

नाशिक-पुण्याच्या वाईनकर्त्यांनी ही निवड हळूहळू आपलीशी केली. दौंड तालुक्यातल्या रोटी इथल्या फोर सीझन्सने, अभय केवडकर यांच्या हाताखाली, आपल्या शिराजला बॅरिक रिझर्व्ह असं सरळ पिंपाचंच नाव दिलं. निफाडजवळ कुंदेवाडीला यतिन पाटील यांच्या रेव्हेलोने इटालियन वाईनकर्ता आणला आणि लेबलवर शिराजऐवजी सिरा लिहिलं. ऑस्ट्रेलियाकडे न बघता युरोपाकडे बघत असल्याची ती खूण होती. सुलाने दिंडोरीच्याही वरच्या पायरीवर रासा ही शिराज आणली आणि तिच्यासाठी फ्रेंच ओक वापरला. ऍडलेडमध्ये शिकून आलेले कैलास गुरनानी यांनी यॉर्कची आरोस घडवली ती शिराज आणि काबर्ने एकत्र करून. इगतपुरीच्या पट्ट्यात ग्रोव्हर झम्पाची शेन आली, टेम्प्रानियो आणि शिराजच्या मिश्रणातली. खोबऱ्याच्या गोडव्याकडून लवंगेच्या दबक्या सुवासाकडे जगातली शिराज सरकत होती, आणि नाशिकच्या वरच्या पायरीवरच्या बाटल्याही त्याच दिशेला वळल्या.

स्वस्त बाटल्यांचा मार्ग वेगळा. तिथे पिंपाचा खर्च झेपत नाही, म्हणून टाकीतच ओकच्या पट्ट्या किंवा चिपा टाकतात. यात लबाडी काही नाही. जगभर हेच चालतं. मात्र चिपांनी सुवास येतो, पिंपातून सावकाश झिरपणारी हवा येत नाही, त्यामुळे टॅनिन तसेच खरखरीत राहतात. लेबलवर नुसतं 'ओक' लिहिलेलं असलं तर हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत.

पिंप पैशाने आणता येतं. हंगाम आणता येत नाही, आणि गेल्या पंचवीस वर्षांत नाशिकला हंगामांनी सोडलेलं नाही.

पहिला धक्का मात्र बाजाराचा होता. 2008 अखेरची जागतिक मंदी आणि मुंबईवरचा 26 नोव्हेंबरचा हल्ला यांनी हॉटेलं ओस पाडली, आणि लाल वाईनचा मोठा ग्राहक तिथेच होता. टाक्या भरलेल्या, माल पडून. करार केलेल्या शेतकऱ्यांची द्राक्षं उचलली गेली नाहीत आणि अनेकांनी वाईनच्या जातींच्या बागा काढून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. वाईनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची; ती मंडईत विकता येत नाहीत. वाईनरीने पाठ फिरवली की शेतकऱ्याकडे दुसरा रस्ता नसतो. शिराजच्या इतिहासातलं हे पान लेबलांवर कुठेच दिसत नाही, पण पुढच्या दहा वर्षांतली लागवड त्याच्याच भीतीत झाली.

दुसरा धक्का लगेच आला. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळाचा पाऊस बागा फुलोऱ्यात असताना पडला. फुलोऱ्यातला पाऊस म्हणजे डावणी मिल्ड्यू आणि कुजणारे घड. 2010 चा हंगाम त्यातच गेला. फेब्रुवारी अखेर ते मार्च 2014 मध्ये गारपीट झाली, तीही लाल जातींची काढणी ऐन भरात असताना. त्या गारपिटीने विदर्भातल्या संत्र्याचीही दैना केली होती. 2019 मध्ये परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला आणि लवकर छाटलेल्या बागांना त्याची झळ बसली. डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला पुन्हा अवकाळी. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस निफाडच्या पट्ट्यात गारा.

उष्णतेचा हिशेबही मांडायला हवा. मार्च 2022 हा सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबात देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि फेब्रुवारी 2023 हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. शिराज याच दोन महिन्यांत पिकते. या जातीचा एक स्वभावदोष आहे : पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात मणी वेलीवरच सुरकुततात. मग साखर झपाट्याने वर जाते, आम्ल घसरतं, आणि बियांचा तुरटपणा मात्र पिकायचा राहून जातो. काढणीची तारीख चार दिवसांनी चुकली तर वाईन जड आणि गोडसर होते. म्हणून काढणी पहाटेच्या गारव्यात करतात आणि घड ऊन चढायच्या आत वाईनरीत पोचवतात.

आता ओक आणि हंगाम एकमेकांशेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. थंडी बऱ्यापैकी टिकलेल्या, कोरड्या हंगामातल्या शिराजला स्वतःचा कणा असतो. नवा फ्रेंच ओक ती सहज पेलते आणि चार-सहा वर्षांनी अधिक देखणी होते. पावसाने मार खाल्लेल्या हंगामातली शिराज अंगाने पातळ असते. तिला नव्या पिंपात वर्षभर ठेवलं की फक्त लाकूड उरतं. उन्हाने भाजलेल्या हंगामात अमेरिकन ओकचा गोडवा आधीच्या गोडव्यावर चढतो आणि वाईन बोजड वाटते. अशा वर्षी जुनी पिंपं वापरावीत किंवा वरच्या श्रेणीची बाटली काढूच नये, हा शहाणपणाचा निर्णय असतो. चांगल्या वाईनकर्त्याची ओळख पटते ती अशा वाईट वर्षांत.

ग्राहकाच्या हातात बाटली येईपर्यंत आणखी एक हंगाम तिच्यावरून जातो, तो दुकानाचा. शिराज 16 ते 18 अंशांना प्यावी आणि त्याहून थोड्या गारव्यात साठवावी. मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या शहरात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेली उत्तम वर्षाची बाटली साध्या वर्षाच्या ताज्या बाटलीपुढे हरते. म्हणून दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही बाटल्या एकाच वाईनरीच्या, एकाच श्रेणीच्या आणि शक्यतो वाईनरीच्याच तळघरातून घेतलेल्या हव्यात. दोन्ही सारख्याच गार कराव्यात, आधी तरुण वर्ष चाखावं, मग जुनं. आणि सोबत नाशिकच्या काळ्या मसाल्यातलं मटण असेल तर शिराजची मिरी कुठल्या वर्षी टिकली, हे पहिल्या दोन घोटांत समजतं.

नाशिक खोऱ्यातल्या वाईनला भौगोलिक मानांकन मिळूनही बरीच वर्षं झाली. पण लेबलवर अजून वर्ष, जात आणि फार तर ओकचं नाव एवढंच असतं. बाग कोणत्या गावची, गोडी छाटणी कोणत्या पंधरवड्यात झाली, पिंप नवं की जुनं, अमेरिकन की फ्रेंच, हे चार तपशील मागच्या लेबलवर सहज मावतील. ते छापले गेले तर पुढच्या पंचवीस वर्षांचा मागोवा घेणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही, आणि पावसाचा अंदाज घेत छाटणी आठवडाभर पुढे ढकलणाऱ्या बागायतदाराचा वाटा त्याच्या वाईनवर पहिल्यांदा छापील अक्षरात दिसेल. त्यासोबत प्रत्येक वाईनरीने प्रत्येक हंगामाच्या थोड्या बाटल्या मागे राखायला हव्यात, फसलेल्या वर्षांच्याही. 2010 आणि 2014 मध्ये काय बिघडलं, हे शिकण्याचं दुसरं साधन नाशिककडे नाही.